आखातातले नियम कडक झालेत, पण केलेल्या कामाचा पगार तुमचाच आहे : निघण्यापासून परत येईपर्यंत काय काय सांभाळायचं

गेल्या दोन-तीन वर्षांत आखातात नियम किती भराभर बदलले ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत. कुवेतने १७ मार्च २०२४ ला व्हिसा संपून राहिलेल्यांसाठी माफी सुरू केली, ती ३० जूनला संपली आणि लगेच धरपकड सुरू झाली. मग ५ जानेवारी २०२५ पासून परदेशी लोकांच्या रहिवासाचा नवा कायदा लागू झाला, आणि १ जुलै २०२५ पासून प्रायव्हेट कंपनीतल्या कामगाराला देशाबाहेर पडताना मालकाने मंजूर केलेलं एक्झिट परमिट लागायला लागलं. यूएईने १ सप्टेंबर २०२४ पासून माफी दिली, ती वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेली, त्यानंतर तिथेही तपासणी वाढली. सौदीत तर आठवड्याला किती जण पकडले आणि किती परत पाठवले हे सरकार स्वतःच जाहीर करतं.

असं सगळं चालू असताना लेबर कॅम्पमधला, म्हणजे कंपनीने दिलेल्या राहत्या जागेतला, माणूस काय करतो, तर गप्प बसतो. पगार दोन महिने नाही आला तरी गप्प, ओव्हरटाइम कापला तरी गप्प, कारण सुपरवायझर एकच वाक्य टाकून जातो, "जास्त बोललास तर हुरूब टाकीन", म्हणजे तू पळालास अशी सरकारकडे तक्रार करीन. मी स्वतः बरीच वर्षं तिकडे काढलीत, त्यातली पहिली दोन अशीच घाबरून काढली. तेव्हा एक गोष्ट मला कोणी सांगितली असती तर खूप त्रास वाचला असता, ती म्हणजे व्हिसाचा हिशोब वेगळा आणि पगाराचा हिशोब वेगळा. इकामा, म्हणजे तिथे राहायचं परमिट, संपला म्हणून केलेल्या कामाचा पैसा बुडत नाही, उलट इकामा वेळेवर रिन्यू करणं हे मालकाचंच काम असतं आणि त्याचा खर्चही त्याचाच. हे दोन हिशोब एकत्र करून तुम्हाला घाबरवणं हाच पिळवणुकीचा सगळ्यात जुना मार्ग आहे, आणि नियम जितके कडक होतात तितका तो जास्त चालतो. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं हे दोन हिशोब वेगळे कसे ठेवायचे त्याबद्दल आहे.

निघायच्या आधी

दहावी पास नसाल तर तुमचा पासपोर्ट ईसीआर (क्लिअरन्स लागणारा) असतो, म्हणजे सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहरीन धरून एकूण १८ देशांत कामाला जायचं तर आधी भारत सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. लोकांना वाटतं ही कटकट आहे, एजंटही तसंच सांगतो. पण हा क्लिअरन्स ई-मायग्रेट पोर्टलवरून होतो आणि त्यात तुमचं काँट्रॅक्ट, पगार, कंपनीचं नाव, एजंटचा नंबर सगळं सरकारी रेकॉर्डवर चढतं. उद्या तिकडे वाकडं काही झालं तर एम्बसीने बघायचं ते हेच रेकॉर्ड. ते नसेल तर तुम्ही कुठल्या पगारावर गेलात हे सिद्ध करायला तुमच्याकडे फक्त तुमची जबान उरते.

एजंटचं नाव ई-मायग्रेटवर तपासा, रजिस्टर्ड आहे की नाही, लायसन्स चालू आहे की रद्द झालंय. गावात जो येऊन पासपोर्ट गोळा करतो तो बहुतेक वेळा सबएजंट असतो, त्याच्याकडे लायसन्स नसतं, तो फक्त मुंबईतल्या ऑफिसचं नाव सांगतो. त्या ऑफिसला स्वतः फोन करा, जमलं तर स्वतः जा. रजिस्टर्ड एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये सर्व्हिस चार्ज अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, आणि त्याची पावती द्यावीच लागते. जो लाख-दीड लाख मागतो आणि "पावती कशाला, आपण घरचे आहोत" म्हणतो त्याच्यापासून तिथेच मागे फिरा. कर्ज काढून गेलेला माणूस तिथे सगळ्यात आधी वाकतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, कारण त्याला परत यायची सोयच नसते, व्याज चालू असतं.

क्लिअरन्सबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा निघतो, दोन वर्षांचा २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५, वर टॅक्स. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख मिळतात. पॉलिसीचा कागद घरी बायकोकडे किंवा आईकडे द्या आणि हा कागद काय आहे ते तोंडाने समजावून सांगा, कारण विमा असून घरच्यांना माहीतच नसतं असं फार वेळा होतं.

आता काँट्रॅक्ट. त्यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द "बेसिक". एजंट सांगतो पंधराशे दिरहम पगार, तुम्ही खूश, पण त्यात बेसिक किती आणि अलाउन्स किती हे कोणी विचारत नाही. यूएईमध्ये नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती फक्त बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक आणि त्यानंतर दरवर्षी ३० दिवसांचा. समजा चार वर्षं काम केलं. बेसिक १,००० असेल तर वर्षाचे ७०० म्हणजे चार वर्षांचे २,८०० दिरहम. तोच एकूण पगार १,५०० पण बेसिक ६०० दाखवला असेल तर वर्षाचे ४२०, चार वर्षांचे १,६८०. अकराशे दिरहमपेक्षा जास्त फरक फक्त एका ओळीमुळे पडला. ओव्हरटाइमही बेसिकवरच, म्हणजे तिथेही मार. ही ओळ सही करायच्या आधी वाचायची असते, नंतर वाचून उपयोग नाही.

यूएईची ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीशिवाय तिसऱ्या भाषेतही देतात आणि त्यात हिंदी आहे, तेव्हा "हे सगळं अरबीत असतं, तू फक्त अंगठा लाव" हे ऐकून घेऊ नका. ऑफरमध्ये जे लिहिलंय त्यापेक्षा कमी काँट्रॅक्टमध्ये टाकता येत नाही. मोबाइलवर पानापानाचा फोटो काढा आणि घरी कोणाला तरी व्हॉट्सअपवर पाठवून ठेवा, मोबाइल हरवतो, काढून घेतात, पण घरच्याच्या मोबाइलमधला फोटो राहतो.

दोन सापळे, ज्यात आपलेच लोक सगळ्यात जास्त अडकतात

पहिला व्हिजिट व्हिसा. "आत्ता व्हिजिटवर ये, तिथे आल्यावर एम्प्लॉयमेंट करून देतो." पूर्वी हे चालून जायचं, आता नाही. २०२४ पासून दुबईला व्हिजिटवर जाणाऱ्यांचं रिटर्न तिकीट, राहायची सोय, जवळचे पैसे कडक तपासायला लागले, एअरपोर्टवरूनच परत पाठवलेले लोक आहेत. आणि आत शिरलात तरी व्हिजिटवर काम करणं बेकायदा, व्हिसा संपला की दिवसाला ५० दिरहम दंड चढायला लागतो. ३१ ऑगस्ट २०२४ पासून परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, म्हणजे चेकिंग आलं की मालक पहिल्यांदा म्हणणार हा माणूस माझा नाहीच. तुमच्याकडे त्याचा एकही कागद नसतो, म्हणून त्याला ते म्हणता येतं.

दुसरा आझाद व्हिसा, कोणी फ्री व्हिसा म्हणतं. कुठल्यातरी कफीलच्या, म्हणजे तिथल्या स्पॉन्सरच्या, नावावर व्हिसा विकत घ्यायचा, त्याला दरवर्षी पैसे द्यायचे आणि बाहेर मिळेल तिथे काम करायचं. कायद्यात असा व्हिसाच नाही. सौदीत लेबर लॉच्या कलम ३९ खाली दुसऱ्याकडे काम करणं बंद आहे, कुवेतच्या नव्या कायद्यात व्हिसा विकणं हा गुन्हा आहे. आज जी धरपकड चालते त्यात इकामा व्हॅलिड असूनही पकडले जातात ते हेच लोक, कारण इकाम्यावर नाव एकाचं आणि माणूस सापडतो दुसऱ्याच्या साइटवर. मला माहीत आहे यात किती जण आहेत, आणि त्यातले बरेच मेहनती, सरळ लोक आहेत ज्यांना आत शिरताना कोणी नीट सांगितलंच नाही. जे आधीच आत आहेत त्यांनी जिथे खरंच काम करता त्या कंपनीच्या नावावर ट्रान्सफर होईल का ते आत्ताच बघा, पकडल्यावर नाही.

पोचल्यावर पहिल्या महिन्यात

पहिलं काम सिम कार्ड स्वतःच्या नावावर घ्या. हे ऐकायला फालतू वाटेल पण नीट ऐका. आता सगळं ॲपवर आहे, सौदीत अबशिर आणि किवा, यूएईत मोहरे (तिथल्या कामगार मंत्रालयाचं), कुवेतमध्ये सहेल, कतारमध्ये मेट्राश. यात तुमचं काँट्रॅक्ट दिसतं, इकामा कधी संपतो ते दिसतं, तुमच्यावर गैरहजेरीची तक्रार टाकलीय का तेही दिसतं. पण अकाउंट उघडताना कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, बऱ्याचदा स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो. म्हणजे तुमच्या नावाने काँट्रॅक्टला "मंजूर" दाबायचं असेल तर ते तो दाबतो आणि तुम्हाला कळतही नाही. मी ज्या कंपनीत होतो तिथे चाळीसेक जणांच्या अकाउंटला एकच नंबर होता. नंबर बदलायला गेलो तेव्हा कळलं की माझ्या काँट्रॅक्टमधला बेसिक मी सही केलेल्या आकड्यापेक्षा कमी होता आणि तो मीच "मंजूर" केला होता, रेकॉर्डवर तरी.

तेव्हा अकाउंट स्वतःच्या नंबरवर, पासवर्ड स्वतःकडे, आणि महिन्यातून एकदा उघडून इकाम्याची तारीख आणि काँट्रॅक्ट बघायचं. सुट्टीच्या दिवशी दहा मिनिटांचं काम आहे.

पासपोर्टचं म्हणाल तर तो ठेवून घ्यायचा अधिकार मालकाला यूएई, सौदी, कतार, कुवेत कुठेच नाही. कतारमध्ये त्याला २५,००० रियालपर्यंत दंड आहे. तरी ठेवतात, "सेफ्टीसाठी" म्हणून. भांडायची ताकद नसेल तर निदान लेखी मागा, व्हॉट्सअपवर एक साधा मेसेज टाका, "सर माझा पासपोर्ट द्या, मला हवाय". उत्तर नाही आलं तरी चालेल, तुम्ही मागितला होता याचा पुरावा झाला. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो, व्हिसाच्या पानाचा फोटो, इकाम्याच्या दोन्ही बाजू, हे सगळं घरच्यांकडेही असू द्या.

वही

हा भाग मी थोडा लांबवणार आहे कारण माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टी यावर उभ्या आहेत.

आमच्या रूममध्ये एक वेल्डर होता, शाळा फारशी शिकलेला नाही, पण रोज रात्री झोपायच्या आधी बंकवर बसून एका छोट्या वहीत लिहायचा. तारीख, साइटचं नाव, बसमध्ये किती वाजता बसलो, काम किती वाजता सुरू, किती वाजता सुटलो, आणि फोरमनचं नाव. एवढंच. एक ओळ. कापडी पिशवीत ती वही आणि एक पेन, पेन दोऱ्याने वहीला बांधलेलं. आम्ही त्याला विचारायचो रोज काय लिहितोस, तो म्हणायचा कामाचं लिहितो, बाकी काय.

मग एकदा कंपनीने सहा-सात जणांचा पाच महिन्यांचा ओव्हरटाइम दिलाच नाही. आम्ही सगळे लेबर ऑफिसला गेलो. आम्ही बाकीचे तोंडी सांगत होतो, रोज दोन-तीन तास जास्त काम केलं, कधी चार तास, साहेब लिहून घेत होते पण त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. वेल्डरने वही पुढे सरकवली. साहेबांनी पान उलटलं, मग आणखी एक, मग मागे गेले, एका शुक्रवारी बोट ठेवलं आणि कंपनीच्या माणसाला विचारलं, या दिवशी हे या साइटवर होते का? तो गडबडला, कारण त्या दिवसाचा साइटचा गेट रजिस्टर त्यालाही माहीत होता. तिथून बोलणं बदललं. त्याला त्याचा जवळजवळ सगळा ओव्हरटाइम मिळाला, आम्हाला तडजोडीत निम्म्याच्या आसपास.

तेव्हा रोज एक ओळ. वही जमत नसेल तर मोबाइलवर घरच्यांना रोज एक मेसेज, "आज अमुक साइट, सकाळी ६ ते संध्याकाळी ७". त्यावर तारीख-वेळ आपोआप येते. बसच्या खिडकीतून साइटच्या बोर्डचा एक फोटो. पगाराची स्लिप मिळत असेल तर तिचा फोटो, बँकेत किती जमा झाला त्याचा मेसेज डिलीट करू नका. यूएईत २००९ पासून पगार बँकेतूनच द्यायची सिस्टीम आहे आणि आता बाकी देशांतही आहे, त्यामुळे पगार कमी आला की बँकेचं रेकॉर्ड तुमच्या बाजूने बोलतं. पण काही कंपन्या बँकेत पूर्ण टाकतात आणि मग एटीएम कार्डच ठेवून घेतात किंवा अर्धे कॅश परत मागतात. असं झालं तर कोणी, कधी, किती परत घेतले ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

पगार थांबला की

वाट बघणं हीच सगळ्यात मोठी चूक होते. पहिल्या महिन्यात लेखी मागा, मेसेजवर, शांत भाषेत. यूएईत पगाराच्या तारखेनंतर १५ दिवस गेले की तो उशीर धरला जातो आणि तुम्ही मोहरेकडे तक्रार करू शकता, ॲपवरून किंवा ८००८४ वर फोन करून. जानेवारी २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यात मंत्रालय स्वतःच निकाल देतं, कोर्टात जावं लागत नाही. १ लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कोर्ट फी नाही. वाद चालू असताना पगार अडकला असेल तर मंत्रालय मालकाला दोन महिन्यांपर्यंतचा पगार द्यायला लावू शकतं, हे विचारून घ्या, स्वतःहून कोणी सांगेल असं नाही.

सौदीत आधी समझोता, त्याला २१ दिवस देतात, नाही जुळलं तर लेबर कोर्ट. मंत्रालयाचा फोन १९९११. तीन महिने सलग पगार नाही आला किंवा इकामा मालकाने रिन्यू केला नाही तर त्याच्या मंजुरीशिवाय दुसरीकडे ट्रान्सफर मागता येते, ही सोय फार जणांना माहीत नसते. कतारमध्ये कोणालाही १,००० रियालपेक्षा कमी बेसिक देता येत नाही, राहायला आणि जेवण कंपनीचं नसेल तर वर ५०० आणि ३००, आणि हे सगळ्या देशांच्या सगळ्या कामगारांना सारखंच लागू आहे.

मुदत लक्षात ठेवा. नोकरी संपल्यापासून सौदी, कुवेत, कतारमध्ये दावा टाकायला एक वर्ष, यूएईत २०२४ च्या बदलानंतर दोन वर्षं. "पुढच्या महिन्यात देतो" ऐकत बारा महिने कसे जातात कळत नाही.

आणि संप नको. कामावर सगळे मिळून न जाणं, कॅम्पमध्ये घोळका करणं याने आखातात उलट तुमच्यावरच केस होऊ शकते. रागाने माणूस असं करतो, मी समजू शकतो, पण तक्रार प्रत्येकाने आपापल्या नावाने टाका, एकाच दिवशी टाकली तरी चालेल. आणि तक्रार चालू असताना कामावर जात राहा, निदान हजर होतो हे दाखवता येईल असं करा, नाहीतर पुढच्या भागात जे लिहिलंय ते होतं.

हुरूब

सौदीत हुरूब, यूएईत ॲबस्कॉन्डिंग. मालक सरकारला कळवतो की माणूस पळाला. खरं पळाला असेल तर गोष्ट वेगळी, पण पगार मागितला म्हणून खोटा हुरूब टाकणं हे सर्रास चालतं. म्हणून महिन्यातून एकदा ॲप बघा म्हटलं. सौदीत ऑक्टोबर २०२२ पासून गैरहजेरीची नोंद झाल्यावर ६० दिवस मिळतात, त्यात पुढची वाट काढायची, दुसऱ्याकडे ट्रान्सफर की फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाणं, आणि कोणता पर्याय मिळेल हे तिथे किती महिने झालेत त्यावरही ठरतं. हे ६० दिवस गेले की मग माणूस खरंच बेकायदा होतो आणि रस्त्यावरच्या चेकिंगमध्ये अडकतो.

खोटा असेल तर लगेच तक्रार टाका. इथे वही, बसमधले फोटो, फोरमनचे व्हॉट्सअप मेसेज, कंपनीच्या क्लिनिकची चिठ्ठी, ज्या तारखेला "पळाला" म्हणतात त्या तारखेला तुम्ही कामावर किंवा कॅम्पमध्ये होता हे दाखवणारं काहीही उपयोगी पडतं.

एक अवघड गोष्ट लिहितो. हुरूब लागलेला गाववाला रात्री दारात येतो, "दोन दिवस झोपू दे". माणुसकी म्हणून आपण हो म्हणतो. पण सौदीत नियम मोडलेल्या माणसाला आसरा देणं, गाडीतून नेणं यावर १५ वर्षांपर्यंत तुरुंग आणि १० लाख रियालपर्यंत दंड ठेवलाय. त्याला खरी मदत करायची असेल तर त्याला एम्बसीत किंवा कॉन्सुलेटमध्ये जायला सांगा, फोन करून द्या, त्याचे कागद जमवून द्या. रूममध्ये लपवून दोघंही बुडतात.

नोकरी बदलायची असेल तर

कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या एनओसीची अट काढली, ओमानने २०२१ मध्ये. सौदीत मार्च २०२१ पासून एक वर्ष झाल्यावर नोटीस देऊन बदलता येतं, पण घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, शेतावरचे लोक त्यात नाहीत. नोटीस ॲपवरून किंवा लेखी द्या, तोंडी नको. आणि नवीन परमिट हातात येईपर्यंत नवीन जागेवर एक दिवसही काम करू नका, "ट्रायल" म्हणूनसुद्धा नाही, पकडलं तर ट्रायल कोणी ऐकत नाही.

यूएईत बेरोजगारी विमा आहे, बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिना ५ दिरहम. बारा महिने भरलेला असेल आणि नोकरी गेली तर बेसिकच्या ६० टक्के तीन महिन्यांपर्यंत मिळतात, पण क्लेम ३० दिवसांत टाकायचा. भरला नसेल तर ४०० दिरहम दंड, तेव्हा भराच.

चेकिंगमध्ये पकडलं तर

पळू नका, धक्काबुक्की नको. इकामा किंवा त्याचा ॲपवरचा फोटो दाखवा. डिटेन्शनमध्ये नेलं तर पहिली मागणी एकच, माझ्या एम्बसीला कळवा. हा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे, कलम ३६, कागद असोत नसोत. अरबी कागदावर सही मागितली तर वाचून दाखवायला सांगा, दुभाषी मागा. आणि तिथेच, घाबरलेल्या अवस्थेतही, सांगा की माझा इतक्या महिन्यांचा पगार अमुक कंपनीकडे बाकी आहे. हद्दपारीचा कागद झाला की मग ऐकायला कोणी नसतं.

घरच्यांना काय करायचं ते आधीच सांगून ठेवा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकायची, त्यात पासपोर्ट नंबर लागतो, म्हणून फोटो घरी असायला हवा. भारतातून टोल-फ्री १८००११३०९० वर फोन करता येतो, यूएईत असाल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्र ८००४६३४२, तिथे हिंदीतून बोलता येतं. पासपोर्ट मालकाकडेच राहिला असेल तर एम्बसी इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, लोक त्याला आउटपास म्हणतात, त्यावर परत येता येतं. पैसे नसतील तर एम्बसीकडे २००९ पासून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, त्यातून अडलेल्याला राहणं, तिकीट, वकील, आजारपण यासाठी मदत देता येते. मागावी लागते, अर्ज लेखी करा.

घरकामाला गेलेल्या बहिणींसाठी

यांचं सगळ्यात कठीण, कारण त्या एकट्या एका घरात असतात आणि बहुतेक देशांत त्यांना सामान्य लेबर लॉ लागू नाही, वेगळा कायदा आहे, कुवेतचा २०१५ चा, यूएईचा २०२२ चा. ईसीआर पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी क्लिअरन्स मिळत नाही, म्हणून एजंट त्यांना व्हिजिटवर किंवा तिसऱ्याच देशातून नेतात, तिथूनच त्यांचं संरक्षण तुटतं. निघताना घरच्यांशी एक शब्द ठरवून ठेवा, फोनवर बोलताना तो आला की समजायचं अडचण आहे, कारण मॅडम शेजारी उभी असताना सरळ सांगता येत नाही. घराचा पत्ता माहीत नसेल तर मोबाइलवरून लोकेशन घरी पाठवून ठेवा, पोचल्याच्या पहिल्या दिवशीच, फोन हातात असेपर्यंत.

कॅम्प आणि ऊन

उन्हात काम करणाऱ्याला दुपारची सुट्टी हक्काची आहे, १५ जून ते १५ सप्टेंबर, सौदीत १२ ते ३, यूएईत साडेबारा ते ३. कतारमध्ये १ जूनपासूनच, १० ते साडेतीन. कॅम्पमध्ये माणसं कोंबलेली असतील, जिना बंद असेल तर फोटो काढून तक्रार करा. कुवेतमध्ये मंगफला १२ जून २०२४ च्या पहाटे जी इमारत जळली त्यात चाळीसहून जास्त भारतीय गेले, बहुतेक जण झोपेत असताना. रूममध्ये गेल्यावर पहिल्यांदा बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून ठेवा.

परत येताना

शेवटच्या दिवशी एक कागद पुढे येतो, "माझे सगळे पैसे मिळाले". तिकीट हातात, गाडी खाली उभी, मंदूब घाई करतो, सही कर नाहीतर फ्लाइट चुकेल. पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही नको. यूएईत काँट्रॅक्ट संपल्यापासून १४ दिवसांत सगळा हिशोब द्यायचा असतो. निघायच्या महिनाभर आधीच ग्रॅच्युइटी, बाकी रजा, तिकीट याचा हिशोब कागदावर करून मेसेजने कंपनीला पाठवा. कुवेतमध्ये एक्झिट परमिटसाठी सहेलवर अर्ज करावा लागतो आणि मालक अडवून धरत असेल तर मॅनपॉवर ऑथॉरिटीकडे तक्रार करा, म्हणून तिकीट काढायच्या आधी परमिटचं बघा, उलटं नको.

आणि थांबणं शक्यच नसेल, पैसे अडकलेत पण घरी जायलाच हवं, तर निघण्यापूर्वी केस दाखल करून केसचा नंबर घ्या आणि एम्बसीत जाऊन तिथे राहणाऱ्या विश्वासू माणसाच्या नावाने, तोही कायदेशीर इकाम्यावर असलेला, पॉवर ऑफ अटर्नी करून द्या. त्याची एक प्रत, वही, आणि केस नंबर लिहिलेला कागद हँडबॅगमध्ये ठेवा. लगेजमध्ये नाही.